रहिवासी दाखला

2020 च्या जूनमध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या एका कुलूपबंद फ्लॅटच्या टपालपेटीत दोन गोष्टी येऊन पडल्या. एक म्हणजे पंतप्रधान आबे यांच्या सरकारनं घरटी दोन असे वाटलेले कापडी मास्क. दुसरी, वॉर्ड ऑफिसचा लिफाफा. त्यात माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची तीन वर्षांची लेक अशा तिघांची नावं छापलेला अर्ज होता. 27 एप्रिल 2020 या दिवशी ज्याचं नाव रहिवासी नोंदवहीत असेल त्या प्रत्येकाला एक लाख येन. तो जपानी असो की परदेशी, म्हातारा असो की तान्हं लेकरू. खालच्या मजल्यावरच्या आजींनी लिफाफ्याचा फोटो काढून पाठवला. हे तिघं त्या वेळी अंबाजोगाईत आमच्या घरी, मिरग कधी पडतो म्हणून आभाळाकडं बघत बसलेले.

पैसे घ्यायला ते तिथले रहिवासी होते. फक्त स्वतःच्या घरी जायला नव्हते.

बाबांचं वर्षश्राद्ध मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होतं, त्यासाठी ते आले होते. तेव्हा भीती उलट्या बाजूनं होती. योकोहामाच्या बंदरात अडकवून ठेवलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' जहाजाच्या बातम्या फेब्रुवारीभर टीव्हीवर चालल्या होत्या, त्यामुळे गल्लीत आमचं घर 'जपानवाल्यांचं' झालं. श्राद्धाला सांगितलेल्या माणसांपैकी बरेच जण 'अंग कणकण करायलंय' म्हणून आले नाहीत. आशाताई रोज दारात उभ्या राहून तिघांना ताप आहे का ते विचारून वहीत लिहून न्यायच्या. त्या बाईंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे.

परतीचं तिकीट मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं होतं. 22 मार्चला, जनता कर्फ्यूच्या दिवशीच, भारतात येणारी परदेशी विमानं थांबली. 25 तारखेपासून देश बंद. एप्रिल आणि मेमध्ये जपानी नागरिकांना नेणारी खास विमानं दिल्ली-मुंबईहून उडत होती आणि तांत्रिकदृष्ट्या माझ्या भावालाही त्यात बसता आलं असतं. पण अंबाजोगाईहून लातूरला जायची चोरी असताना दिल्ली कुठून गाठायची? मग 27 मे उजाडला. जपाननं प्रवेशबंदीच्या यादीत अकरा देश वाढवले, त्यात भारत. एकूण 111 देश झाले.

नियम नीट समजून घ्यायला आम्हाला दोन-तीन रात्री लागल्या. बंदी 'परदेशी माणसांना' होती. जपानी पासपोर्टवाला त्याच दिल्लीतून, त्याच विमानातून, शेजारच्या सीटवर बसून आला तर त्याला आत घ्यायचं. चाचणी करायची, चौदा दिवस घरी बसवायचं. जपानमध्ये घर असलेला, तिथं कर भरणारा, आरोग्य विम्याचे हप्ते भरणारा भारतीय मात्र परत फिरवायचा. कायम रहिवासाचा परवाना असणारे आणि जपानी माणसाशी लग्न केलेले लोक यादीत नाव येण्याआधी बाहेर पडलेले असले तर त्यांना येऊ देत होते. नंतर पडले तर त्यांचीही शाश्वती नव्हती. माझा भाऊ नोकरीच्या व्हिसावर. कायम रहिवासासाठी साधारणपणे दहा वर्षं लागतात, त्याची भरत आली होती. जी-7 मधल्या बाकीच्या देशांनी निदान आपल्या इथं घर करून राहिलेल्यांना तरी दार उघडं ठेवलं होतं, हे त्याला त्याच्या जर्मन सहकाऱ्यानं सांगितलं. त्यानं दुःख कमी झालं नाही, वाढलं.

जूनमध्ये त्यांच्या न्याय मंत्रालयानं 'खास परिस्थिती'ची उदाहरणं जाहीर केली. नात्यातलं कुणी अत्यवस्थ असणं, अंत्यविधी, शस्त्रक्रिया, बाळंतपण, कोर्टातली साक्ष. त्यात एक होतं : कुटुंब जपानमध्ये राहिलं आहे आणि ताटातूट झाली आहे, अशांनी अर्ज करावा. दुसरं : मूल जपानी शाळेत आहे आणि शाळा बुडते आहे, अशांनी करावा. भावानं ती यादी आम्हाला जेवताना वाचून दाखवली. त्याची बायको शेजारी बसली होती, लेक मांडीवर भाकरी कुस्करत होती. ती पाळणाघरात जायची, शाळेत नव्हे. म्हणजे ताटातूट नाही, शाळा नाही, कुणी आजारी नाही. घर सगळं एकत्र आणि धडधाकट असल्यामुळे यांची परिस्थिती खास नव्हती. भावजय म्हणाली, "मी एकटी मागं राहिले असते तर बरं झालं असतं." ती गमतीत म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

आईला हे काही केल्या पटेना. "आरं, तिथलं भाडं भरायलास, टॅक्स भरायलास, मग घरात का घेईनात?" हे ती रोज वेगवेगळ्या माणसांना विचारायची. दूधवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, "काकू, आमच्या गावात तर सख्ख्या भावाला घेईनात."

तेही खरंच होतं. एप्रिलभर बीड जिल्हा जवळपास कोरोनामुक्त होता आणि तसाच राहावा म्हणून गावागावांनी आपापल्या सरहद्दी आखल्या होत्या. रस्त्यावर बाभळीच्या काट्या, कुठं बैलगाडी आडवी लावलेली, कुठं चर खणलेला. पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं : 'बाहेरगावच्यांना प्रवेश बंद'. ही गावबंदी सगळ्यांना सारखी लागू होती असं सांगणारे लोक मला अजून भेटतात. मी जे पाहिलं ते असं : आमच्या मूळ गावी पुण्याहून कार घेऊन आलेल्या इंजिनिअरला सरपंचानं 'घरातच बसा, बाहेर फिरू नका' एवढं सांगितलं. त्याच आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळीला शिवारातच थांबवलं. गाळप संपूनही कारखान्यांवर अडकलेल्या लाखाहून जास्त मजुरांना घरी जाऊ देण्याचा निर्णय एप्रिलच्या मध्यावर झाला होता. ट्रॅक्टर भरून, तपासणी करून, यादी घेऊन ही माणसं आली होती. कागद पुण्याच्या कारवाल्यापेक्षा त्यांचे चोख. पण त्यांना लिंबाखाली पालं टाकून राहावं लागलं. बायका, म्हातारी माणसं, बैल, कोंबड्या, सगळं बाहेर. सहा महिने दुसऱ्याच्या फडात आणि परत आल्यावर चौदा दिवस स्वतःच्या गावाबाहेर.

तरी एक फरक होताच. त्या लिंबाखाली संध्याकाळी भाकरीची चवड यायची. सरपंच काट्यांच्या पलीकडं उभा राहून शिव्या खायचा, आणि खाऊन घ्यायचा. एका म्हातारीनं त्याला 'तुझ्या बारशाला मी पाळण्याची दोरी ओढली रे भाड्या' असं सुनावल्यावर तिला एकटीला आठव्या दिवशीच आत घेतलं. नियम मोडला म्हणून कुणी कुरकुर केली नाही. माझ्या भावाकडं असं भांडायला समोर माणूसच नव्हता. वाणिज्य दूतावासाच्या ई-मेलला नम्र भाषेत उत्तर यायचं, आपल्या अडचणीबद्दल आम्हाला खेद आहे, आणि खाली त्याच यादीची लिंक.

सरहद्दी मोजायला बसलं तर त्या मे महिन्यातल्या दोन तारखा माझ्या डोक्यातून जात नाहीत. 7 मे 2020 ला परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणायची 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली. अबूधाबी आणि दुबईहून पहिली विमानं केरळात उतरली. दुसऱ्या दिवशी, 8 मेच्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली ती माणसं मध्य प्रदेशातली. गावाकडं जाणारी गाडी मिळेल या आशेनं रुळांच्या कडेनं चालत निघाली होती. त्यांना कुठल्या परदेशातून यायचं नव्हतं. भाऊ त्या दिवशी कामाला बसलाच नाही. दुपारी म्हणाला, "ताई, आपण तक्रार तरी कशाची करायलोत?" मी त्याला म्हटलं, तू तुझी तक्रार कर, त्यांची तक्रार वेगळी आहे. मोठ्या दुःखाच्या सावलीत लहान दुःखाला गप्प बसवायची आपली सवय मला आवडत नाही. असं गप्प बसवलं की दोन्ही विसरली जातात.

त्याचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, म्हणजे तिथले नऊ ते आपले साडेपाच. नेटवर्क फक्त गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात, टाकीच्या आडोशाला यायचं. लुंगी, वर इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉप आणि डोक्यावर आईनं बांधलेली जुन्या लुगड्याची झापड. मीटिंग चालू असताना खालून योगेश्वरीच्या आरतीची रेकॉर्ड लागली की तो माइक बंद करायचा. पलीकडचे लोक मान लववून थांबायचे. वीज गेली की पंचाईत. वीसेक किलोमीटरवर परळीचं औष्णिक केंद्र, आणि आम्ही इन्व्हर्टरची बॅटरी पुरवून पुरवून वापरतोय. त्याच्या कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसातला जपानी साहेब जूनमध्ये विमानात बसून गेला. जाताना त्यानं माझ्या भावाची मनापासून माफी मागितली. माफी मागायचं त्याला काही कारण नव्हतं, पण त्या सगळ्या प्रकरणात तेवढीच एक माफी आली.

मी इतिहास शिकवते, त्यामुळे मला हे सगळं पाहताना निजामाच्या राज्यातले मुल्की नियम आठवत राहिले. आमच्या मराठवाड्याला 'तू इथला की बाहेरचा' हा प्रश्न काही नवा नाही. हैदराबाद संस्थानात 1919 च्या फर्मानानं सरकारी नोकरी मुल्की, म्हणजे राज्यातल्याच, माणसाला मिळायची. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचं असेल तर पंधरा वर्षं सलग राज्यात राहायचं आणि मूळ मुलखात परतायचा विचार सोडून दिला आहे, असं लिहून द्यायचं. नोकरीत गैरमुल्कींचा भरणा होता म्हणून तो नियम आला. त्यामागचा राग खरा होता. पण 'परतायचा विचार सोडला' असं प्रतिज्ञापत्र माणूस कुठल्या मनानं देत असेल? आजोबा बार्शीच्या बाजाराला जायचे तेव्हा मध्ये इंग्रजी मुलखाची हद्द लागायची. करोडगिरी नाक्यावर जकात द्यायची आणि निजामाचा हाली रुपया बदलून इंग्रजांचा कलदार घ्यायचा. पुढं रझाकारांच्या धामधुमीत त्याच हद्दीपलीकडं बायका-लेकरं नेऊन ठेवली. जी रेषा एरवी डोकेदुखी होती तीच त्या वर्षी आसरा झाली. सरहद्द वाईटच असते असं मी म्हणत नाही. साथीत दारं लावावी लागतात हेही मान्य. 1897 चा साथरोग कायदा प्लेगसाठी आला होता आणि 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात तोच पुन्हा लागू झाला. माझं म्हणणं एवढंच की दार लावताना आत-बाहेर ठरवायचा निकष रोगाचा असावा. चाचणी, विलगीकरण, दिवस मोजणं, हे सगळं रोगाशी संबंधित आहे. पासपोर्टचा रंग नाही. विषाणूला तो दिसत नाही.

आपणही काही वेगळं केलं नव्हतं, हे सांगायलाच हवं. मार्च 2020 मध्ये भारतानं जवळपास सगळे व्हिसा स्थगित केले आणि ओसीआय कार्डवाल्यांची, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, व्हिसाशिवाय येण्याची सवलतही थांबवली. आईबाप भारतीय पासपोर्टचे आणि अमेरिकेत जन्मलेलं बाळ अमेरिकन, अशा घरांना 'वंदे भारत'च्या विमानात चढता येईना. आईबापांना जागा आहे, बाळाला नाही. 22 मेला त्यात सूट दिली गेली. तोवर किती आया विमानतळावरून तान्ह्यासकट परतल्या असतील! म्हणजे बाकीच्यांना नावं ठेवताना जरा हात आखडता घ्यावा. ऑस्ट्रेलियानं तर 2021 च्या मेमध्ये, आपल्याकडं दुसरी लाट जोरात असताना, भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही बंदी घातली, आणि मोडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगाचा धाक घातला. बंदी 3 ते 15 मे अशी थोडेच दिवस टिकली, पण नागरिकत्व म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं समजणाऱ्यांना तेवढं पुरेसं होतं.

आमच्या गल्लीत आणखी दोघं होते. एक कुवेतला ड्रायव्हर. ऑगस्ट 2020 पासून कुवेतनं भारतातून थेट येणं बंद केलं, पण तिसऱ्या देशात चौदा दिवस काढून या म्हणाले. तो दुबईला एका खोलीत सहा जणांबरोबर ते दिवस काढून गेला. खर्च त्याच्या काही महिन्यांच्या पगाराएवढा झाला, तो त्यानं बायकोच्या पाटल्यांतून भागवला. भारतातून आलेल्यापेक्षा दुबईत सहा जणांत झोपलेला माणूस कमी धोक्याचा कसा, हे कुणी समजावून सांगेल तर मी ऐकायला तयार आहे.

दुसरा मुलगा चीनमध्ये एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. नीटला लातूरला दोन वर्षं घातलेली, इथं सरकारी जागा थोडक्यात हुकली, म्हणून चीन. जानेवारी 2020 मध्ये सुट्टीला आला तो आलाच. 28 मार्चला चीननं वैध व्हिसा आणि राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसांनाही आत येणं बंद केलं. तिथं शिकणारे आपले विद्यार्थी तेवीस हजारांच्या वर होते. हा मुलगा खोलीत बसून मोबाईलच्या पडद्यावर शवविच्छेदन बघायचा. त्याच्या खिडकीतून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं आवार दिसायचं. तिथं खरे वॉर्ड, खरे रुग्ण, ऑक्सिजनसाठी धावणारे खरे इंटर्न, आणि हा इकडं चिनी प्राध्यापकाचा अडकणारा आवाज ऐकतोय. 2022 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट केलं की निव्वळ ऑनलाइन शिक्षण ग्राह्य नाही. विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला तो त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर. अडीच वर्षं. त्याच्या आईला मी अजूनही 'कसा आहे' असं सरळ विचारत नाही. आधी पावसापाण्याचं बोलते.

भावाचं दार त्यामानानं लवकर उघडलं. 5 ऑगस्टपासून, यादीत नाव येण्याआधी बाहेर पडलेल्या रहिवाशांना परत येण्याची वाट मोकळी झाली. 1 सप्टेंबरपासून बाकीच्यांनाही. पण वाट म्हणजे कागदांची माळ. मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाचं पत्र, निघण्याआधी 72 तासांच्या आतली चाचणी, तिचा दाखला त्यांच्याच नमुन्यात, त्यावर डॉक्टरची सही. जपानी नागरिकाला त्या वेळी निघण्याआधीची ही चाचणी लागत नव्हती. टोकियोला पोहोचायचे कागद जमले, तर अंबाजोगाईतून निघायचे राहिले होते; महाराष्ट्रात जिल्हा ओलांडायला पोलिसांचा ई-पास लागायचा, तो रद्द झाला 2 सप्टेंबरला, आणि यांचं विमान ऑगस्टच्या अखेरीस. पहिला अर्ज 'कारण अपुरे' म्हणून नाकारला. 'दुसऱ्या देशात राहते घर आहे' हे कारण त्या वेबसाइटच्या यादीतच नव्हतं. मग 'वैद्यकीय' निवडलं.

हैदराबादला गाठलेल्या प्रयोगशाळेत नवीच अडचण. त्यांचा स्वतःचा छापील रिपोर्ट होता. जपानी-इंग्रजी चौकटींच्या परक्या कागदावर सही करायला तिथले डॉक्टर तयार होईनात. भाऊ तासभर काउंटरशी उभा. शेवटी एका तरुण तंत्रज्ञ मुलीनं तो फॉर्म हातात घेतला, प्रत्येक रकाना वाचला, नमुना कुठून घेतला त्या चौकटीत खूण केली, पासपोर्टवरचं स्पेलिंग दोनदा तपासलं आणि आत जाऊन सही घेऊन आली. काही घेतलं नाही. 'पोहोचलात की कळवा' असंही म्हणाली. नंबर घ्यायचा मात्र भावाला सुचला नाही. टोकियोच्या विमानतळावर पुन्हा चाचणी, मग रेल्वे-बस वापरायची नाही म्हणून ऑफिसातला मित्र गाडी घेऊन आला होता. चौदा दिवस घरात. टपालपेटीत ते मास्क तसेच होते. एक लाख येनही पुढं मिळाले, तिघांचे.

आता तो कायम रहिवासी झाला आहे. नागरिकत्वाचा विषय फोनवर अधूनमधून निघतो. तिथं दोन नागरिकत्वं चालत नाहीत, आपल्याकडंही नाहीत. "एकदा तो लाल पासपोर्ट घेतला की कुणी दारात अडवणार नाही," असं भावजय म्हणते. भाऊ हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

मागच्या दिवाळीत आमच्या शेताच्या बांधाला लागून असलेलं दोन एकर रान विकायला निघालं. विहिरीला पाणी, वाट सोयीची. आईच्या मनात आलं, हे पोराच्या नावावर घ्यावं, म्हणजे तो तिकडचा झाला तरी इथं त्याचा पाय राहील. रजिस्ट्रीचं काम बघणाऱ्या वकिलांकडं गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ते राहतात कुठं?" मग म्हणाले, जमणार नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं येते ती चालते. पासपोर्ट भारताचा आहे, हे आईनं तीनदा सांगितलं. वकील म्हणाले, "काकू, पासपोर्टचं नाही विचारायलो मी. रहिवासी आहेत का, ते विचारायलोय."

आई बाहेर येऊन पायरीवर बसली. मग म्हणाली, "तिकडं रहिवासी होता तर पासपोर्ट मागितला. इकडं पासपोर्ट आहे तर रहिवासी मागायलेत. पोरानं जन्माला येऊन काय गुन्हा केलाय का?" तिच्या आवाजात राग होता, पण हिशेबही चालू होता. दुसऱ्या दिवशी तिनं ते रान स्वतःच्या नावावर घ्यायचं ठरवलं. तोवर आम्हाला किती गरज आहे ते बांधाच्या शेजाऱ्याला कळलं होतं आणि त्यानं एकरी पन्नास हजार वाढवून सांगितले. बोलणी अजून चालू आहेत.